गाडीत ओतलेला पैसा परत का येत नाही?

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की पाऊण-एक तासात नळदुर्ग येतं. राष्ट्रीय महामार्ग 65 वरचं हे गाव जुन्या गाड्यांच्या दोन मोठ्या बाजारांच्या मधोमध आहे. एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला हैदराबाद, दोन्ही अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. त्यामुळे इथला एखादा तरुण जोमदार पिकअपची जुनी गाडी शोधायला लागला, तर तो एमएच-25 किंवा एमएच-13 पासिंगपुरता थांबत नाही. मोबाइलवर तो पुण्याची पोलो जीटी बघतो, हैदराबादची ऑक्टाव्हिया आरएस बघतो. आणि अशा गाड्यांच्या जाहिरातीत हमखास एक ओळ असते: स्टेज वन रिमॅप, डाऊनपाइप, मॅगव्हील, खाली बसवलेलं सस्पेन्शन, एवढ्या लाखांचं काम केलंय.

विकणाऱ्याचं म्हणणं असतं की केलेल्या कामाचे पैसे गाडीच्या किमतीत धरायला हवेत. घेणारा तीच यादी वाचून भाव पाडून मागतो. गाडी एक, काम एक, आणि दोघांचे हिशेब उलट्या दिशेचे. यात कुणी लबाड असतोच असं नाही. मॉडिफिकेशनने गाडीची ताकद वाढते, पण बाजारात पैसे मोजले जातात ते भरवशाचे. ताकद वाढवताना भरवसा कुठे आणि किती गळतो, हे कळलं की विकणाऱ्याचा मनस्ताप वाचतो आणि घेणाऱ्याची फसगत टळते.

महाराष्ट्रात घडलेल्या वेगवान गाड्या

हा विषय परदेशी मासिकांतल्या गाड्यांचा वाटतो, पण सर्वसाधारण खिशाला परवडणाऱ्या वेगवान गाड्यांपैकी काही नावाजलेल्या गाड्या आपल्याच राज्यात तयार झाल्या. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यात 2009 च्या अखेरीस पोलोचं उत्पादन सुरू झालं. 2013 मध्ये तिची जीटी टीएसआय आली, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद, 175 न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स घेऊन. 2022 मध्ये भारतातलं पोलोचं उत्पादन थांबलं. फियाटने रांजणगावात बनवलेली अबार्थ पुंटो 2015 मध्ये बाजारात आली. साधी हॅचबॅक दिसणाऱ्या या गाडीत 145 पीएसचं 1.4 लिटर टर्बो इंजिन होतं आणि दिल्लीतली शोरूम किंमत दहा लाखांच्या किंचित आत, 9 लाख 95 हजार. पुढे फियाटने इथली विक्रीच बंद केली. आणि आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात, 2001 पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. तिची 230 पीएसची आरएस आवृत्ती 2017 मध्ये आली. 2020 ची आरएस 245 तर पूर्ण बनून परदेशातून आली आणि देशभरात फक्त 200 विकल्या गेल्या.

या गाड्या आता शोरूममध्ये मिळत नाहीत. ज्याला हवी त्याला जुनीच घ्यावी लागते. त्यातच टर्बो इंजिनाची ताकद थोड्या खर्चात वाढवता येते, म्हणून यांपैकी बऱ्याच गाड्यांना कुणी ना कुणी हात लावलेला असतो. वर्षं सरतात तशा हात न लावलेल्या, म्हणजे बोलीभाषेत 'स्टॉक' गाड्या कमी होत जातात आणि त्यांना मागणी वाढते. मॉडिफिकेशनच्या हिशेबातली ही पहिली गोष्ट. दुर्मीळ गाडीत मूळ रूप हीच दुर्मीळ वस्तू असते.

रिमॅपमध्ये नेमकं काय बदलतं

टर्बो इंजिनात बाहेरची हवा दाबून आत ढकलली जाते. किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे इंजिनाचा संगणक ठरवतो. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा हे आकडे मुद्दाम सावध ठेवलेले असतात. तीच गाडी मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात चालणार, कधी हलक्या प्रतीचं पेट्रोल भरणार, एखादी सर्व्हिसिंग चुकवणार, हे कंपनी गृहीत धरते. रिमॅप करणारा हीच राखून ठेवलेली जागा वापरतो. हवेचा दाब वाढवतो, ठिणगी अलीकडे आणतो आणि गाडी खरोखर जोरात पळायला लागते.

पण राखीव जागा वापरली की ती संपते. पोलो जीटीचंच घेऊ. तिच्या सात गिअरच्या डीएसजीत कोरडे क्लच आहेत आणि तो गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. कंपनीने इंजिनाला 175 वर ठेवलं, म्हणजे 75 न्यूटन मीटरची सवड ठेवली. रिमॅपने टॉर्क 230-240 च्या घरात नेला, तर ती सवड जवळपास उरत नाही. गाडी लगेच बिघडते असं नाही. पण सिग्नलवरून दरवेळी दाबून काढली, तर क्लच आणि गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा मेकाट्रॉनिक भाग यांचं आयुष्य कमी होतं. या गिअरबॉक्सचं काम महागडं, आणि ते नीट करणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहसा नसतो. घेणाऱ्याच्या मनात पहिली धाकधूक असते ती इथेच.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. मोठ्या शहरात रिमॅप करताना तो बरेचदा चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेला असतो. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये आणलेलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल महानगरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. महामार्गावरच्या किंवा गावातल्या पंपावर साधं पेट्रोल असतं. बीएस-सहा मानकं आली तेव्हा त्याचा किमान ऑक्टेन 91 होता, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणात तो 95 पर्यंत जातो. चढ्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनात कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेऊ लागतं. मेकॅनिक म्हणतात गाडी 'नॉक' करते. संगणक तो आवाज ओळखून ताकद मागे घेतो, पण ऊन आणि चढ दोन्ही असतील तर पिस्टनवर ताण येतोच. म्हणून पुण्यात सुरेख चालणारा रिमॅप नळदुर्गात तसाच चालेल याची खात्री नसते.

पुन्हा जुनं सॉफ्टवेअर टाकलं की झालं, असंही नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या कंपनीच्या यंत्रणेला जोडल्या, की मूळ सॉफ्टवेअरशी ताळा घेतला जातो. छेडछाड सापडली तर त्या गाडीच्या नावे 'टीडी-वन' अशी खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. गाडी विकताना मालक बदलतो, खूण राहते.

सव्वानऊ सेंटिमीटरचा टायर

मॅगव्हील डोळ्यांत भरतात, म्हणून तिथे पैसा सगळ्यात आधी जातो. नंतरच्या पोलो जीटीला कंपनीचा टायर 195/55 आर 16 मापाचा. 195 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 55 म्हणजे रुंदीच्या 55 टक्के बाजूची भिंत, 16 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंतीची उंची येते 107 मिलिमीटर आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे 621. आता 17 इंची रिमवर 205/45 टायर बसवला, तर व्यास 616 च्या आसपास राहतो. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणून स्पीडोमीटर जवळपास बरोबर दाखवतो. बदलाचं माप निवडणाऱ्याला गणित येत होतं, हे यावरून कळतं.

पण भिंतीची उंची 92 मिलिमीटरवर आली. खड्ड्याचा मार झेलायला रिम आणि रस्ता यांच्यात दीड सेंटिमीटर रबर कमी झालं. त्यात स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवलेली असेल, तर गावातल्या गतिरोधकावर चेंबर घासतो आणि खड्ड्यात रिम वाकतं. पुण्याच्या गुळगुळीत रस्त्यावर शोभणारी गाडी तुळजापूर-नळदुर्ग परिसरातल्या आतल्या रस्त्यांवर रोजच्या वापराची राहत नाही. ज्याला ती रोज वापरायची आहे, तो मूळ चाकं आणि मूळ स्प्रिंग परत बसवण्याचा खर्च मनातल्या मनात किमतीतून वजा करतो.

घेणाऱ्याच्या मनातला हिशेब

उदाहरणापुरते आकडे धरू. हात न लावलेली एखादी जुनी पोलो जीटी बाजारात 5 लाखांना जाते. मालकाने तिच्यावर अडीच लाख खर्चले: रिमॅप 40 हजार, एअर इनटेक 20 हजार, डाऊनपाइप आणि एक्झॉस्ट 60 हजार, चाकं-टायर 80 हजार, सस्पेन्शन 50 हजार. तो साडेसहा मागतो. काढलेले मूळ भाग त्याने केव्हाच विकून टाकलेत.

घेणारा पाच लाखांपासून सुरुवात करतो आणि खाली उतरतो. मूळ चाकं शोधून घ्यायची, डाऊनपाइप, म्हणजे टर्बोमागची मोकळी नळी, घालताना काढलेला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुन्हा बसवायचा. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात, म्हणून नवा घ्यायचा तर चांगलाच महाग पडतो, आणि तो नसेल तर पीयूसीला गाडी अडकू शकते. शिवाय गिअरबॉक्सचं काम निघालंच तर, म्हणून काही रक्कम बाजूला. तो सव्वाचारवर येऊन थांबतो. विकणाऱ्याला हा अपमान वाटतो, पण घेणाऱ्याने फक्त स्वतःची जोखीम मोजलेली असते.

याचं मूळ कारण अर्थशास्त्रात सांगितलेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक शोधनिबंध लिहिला, आणि त्या विचारासाठी त्यांना 2001 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मुद्दा असा की गाडी कशी वापरली हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. चांगली कोणती आणि रगडलेली कोणती हे बाहेरून कळत नसल्यामुळे घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. मग नीट जपलेल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही, आणि बाजारात रगडलेल्या गाड्याच जास्त उरतात. मॉडिफिकेशन ही दरी आणखी रुंद करतं. रिमॅप बघितला की घेणारा धरून चालतो की गाडी दाबून पळवलीय. ते खरं असेल किंवा नसेल, पण उलट पुरावा समोर येईपर्यंत भाव त्या समजुतीने ठरतो.

त्यात गिऱ्हाइकांची संख्याही घटते. स्टॉक गाडी बँकेचं कर्ज घेणाऱ्या नोकरदारालाही चालते आणि हौशी तरुणालाही. मोठा आवाज करणारी, खाली बसलेली गाडी फक्त तशीच आवड असणाऱ्याला चालते. तो भेटेपर्यंत थांबायची तयारी नसेल, तर भाव सोडावा लागतो.

आरसी बुक काय म्हणतं

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात, केरळमधल्या एका प्रकरणात, हे कलम ठामपणे उचलून धरलं आणि नियमांच्या आधारे जास्त सूट देणारा उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, सुटे भाग बसवून कायद्याला मान्य नसलेले बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काचांसाठी समोर-मागे 70 टक्के आणि बाजूला 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे हा नियम आहे. बंपरला लावलेल्या बुलबारविरुद्ध कारवाई करायला केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून ते रोलरखाली चिरडण्याच्या पोलिसांच्या मोहिमा पुण्या-नागपूरकरांनी पाहिल्या आहेत.

नळदुर्गच्या गिऱ्हाइकासाठी हे कागद आणखी महत्त्वाचे, कारण तो अनेकदा परराज्यातली गाडी आणतो. तेलंगणातली गाडी महाराष्ट्रात 12 महिन्यांहून अधिक ठेवायची, तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28 आणून, इथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी गाडी धाराशिवच्या आरटीओ कार्यालयात तपासणीला उभी करावी लागते. कागदावर एक आणि गाडीवर दुसरंच असेल, तर काम तिथे अडतं. घेणाऱ्याने इसार देण्याआधी हे डोळ्यांसमोर आणावं.

विम्याची गोष्टही तशीच. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून काढतात. दुसऱ्या वर्षी 20 टक्के, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40, पाचव्या वर्षी 50 टक्के. नंतर घातलेल्या वस्तू वेगळ्या सांगून, जादा हप्ता भरून विम्यात घेतल्या नसतील, तर त्या या हिशेबात येतच नाहीत. इंजिनात केलेला बदल लपवला आणि अपघात झाला, तर दाव्यावर वाद होऊ शकतो.

जिथे बदलाने मोल वाढतं

बदल म्हटला की तोटाच, असं मात्र नाही. आपल्याकडच्या सीएनजी किटचं बघा. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, विम्यात उल्लेख, तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. रस्ता ठरलेला आहे, म्हणून घेणारा बिचकत नाही आणि किटचे काही पैसे किमतीत सुटतात. जर्मनीत चाकं, स्प्रिंग, एक्झॉस्ट यांसारख्या भागांना तांत्रिक मंजुरी लागते आणि गरज पडेल तिथे तपासणी करून बदल गाडीच्या कागदपत्रात चढवला जातो. तिथल्या खरेदीदाराला मॉडिफाय केलेल्या गाडीची कुंडली वाचायला मिळते.

जगाच्या बाजारातली दोन उदाहरणं एकाच मॉडेलची आहेत. 1994 ची एक टोयोटा सुप्रा मार्च 2019 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 1,73,600 डॉलरला गेली. ती मूळ रूपात जपलेली होती. जून 2021 मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरिअस' चित्रपटात वापरलेली, भडक नारिंगी, पूर्ण मॉडिफाय केलेली सुप्रा 5,50,000 डॉलरला गेली. दुसरीचं मोल तिच्या पंखाचं किंवा स्टिकरचं नव्हतं. तिचा इतिहास सगळ्यांना माहीत होता आणि कागदांनी सिद्ध होता. तसलाच पंख लावलेल्या इतर सुप्रांना तो भाव मिळत नाही.

चांगला बदल कसा असतो हे नळदुर्गच्या किल्ल्यातही दिसतं. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, पाणी महाल बांधला गेला. भिंतीत पोकळी काढायची तर पाण्याचा दाब, भिंतीवरचा भार आणि पुराचं पाणी वाहून नेणारे नर-मादी सांडवे यांचा विचार एकत्रच करावा लागतो. गाडीचंही तसंच. ताकद वाढवली तर ब्रेक, टायर, कूलिंग आणि क्लच यांचा विचार त्याच वेळी व्हायला हवा. एकच भाग ओढून वाढवलेली गाडी जाणकार लगेच ओळखतो.

यात सुरक्षेचा भागही आहे आणि तो मला किमतीहून मोठा वाटतो. वेग 100 वरून 120 वर गेला, तर गाडीतली गतिज ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, आणि तेवढी ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते. ऊसतोडीच्या हंगामात या महामार्गावर दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर रात्री चालतात. तिथे 40 पीएस जास्त असण्यापेक्षा चांगले टायर आणि ताजे ब्रेक पॅड जीव वाचवतात. हा खर्च पुढे विकतानाही अंगावर येत नाही. चांगल्या कंपनीच्या नव्या टायरवर कुणी भाव पाडत नाही.

विकताना आणि घेताना

बदल करायचाच असेल, तर काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. कन्व्हर्टर, चाकं, स्प्रिंग, एअर फिल्टरचा डबा, सगळं. वरच्या उदाहरणातल्या मालकाने एवढं केलं असतं, तर गाडी मूळ रूपात आणून पाच लाखांना आणि काढलेलं सामान हौशी लोकांना वेगळं विकता आलं असतं. सामानाचे 80-90 हजार जरी आले, तरी हातात पावणेसहाच्या वर पडले असते. स्प्रिंग कापणं, वायरिंग तोडून जोडणं, छत कापून सनरूफ बसवणं असे परत न फिरणारे बदल टाळा. बिलं, सर्व्हिसिंगच्या नोंदी, रिमॅपआधीचा आणि नंतरचा डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद एका फाइलीत ठेवा. आणि विकताना काय केलंय ते आधीच, न विचारता सांगा. लपवलेली एक गोष्ट सापडली, की खऱ्या दहा गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

घेणाऱ्याने गाडी थंड असताना सुरू करून बघावी, स्कॅनर लावून एरर कोड वाचून घ्यावेत, इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. डीएसजी असेल तर रहदारीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चालवून झटके येतात का ते पाहावं. चेंबरखाली आणि रिमच्या आतल्या कडेला हात फिरवावा. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. फॉर्म 29 आणि 30 वर सही घेऊन मालकी वेळेत नावावर करावी. स्वस्त मिळतेय म्हणून यातली एकही पायरी सोडू नये.

गाडीची हौस ही खरी हौस आहे. तिच्यावर केलेला खर्च आनंदासाठी आहे हे मनाशी पक्कं असेल, तर तो खर्च वायफळ ठरत नाही. चार वर्षं घाटरस्त्यांवर त्या गाडीने जे दिलं, तेच त्या पैशांचं फळ. फक्त ते फळ पुढच्या मालकाकडून व्याजासकट वसूल होईल ही आशा ठेवू नये. पुढचा मालक मोजेल ते सुस्थितीचे, स्पष्ट कागदांचे आणि खरं बोलणाऱ्या विक्रेत्याचे पैसे. या तीन गोष्टी जपायला लाखो रुपये लागत नाहीत, गाडी घेतल्या दिवसापासून थोडी शिस्त लागते.